'कर्ब्लॅम!'मधलं गोदाम कितपत खरं?

निळी_पेटी

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेच्या अकराव्या सीझनमधल्या 'कर्ब्लॅम!' या भागावर आमच्या विज्ञानकथा-गटासाठी टिपण करायचं आहे. १८ नोव्हेंबर २०१८ ला बीबीसीवर आलेला भाग, लेखन पीट मॅकटाय यांचं, डॉक्टर या काळप्रवासी नायिकेच्या भूमिकेत जोडी व्हिटेकर. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं उघड होणार आहे.

कंडोका ग्रहाच्या चंद्रावर अवाढव्य गोदाम आहे. काम रोबोट करतात, पण कायद्याने प्रत्येक पातळीवर १० टक्के माणसं ठेवावी लागतात, म्हणून १०,००० माणसं तिथे राबतात. डॉक्टरला आलेल्या पार्सलच्या पावतीवर 'मदत करा' असा मजकूर छापलेला असतो. शेवटी कळतं की मदत मागणारी खुद्द गोदामाची संगणकयंत्रणा आहे, आणि घातपात करणारा साफसफाईचं काम करणारा चार्ली हा तरुण. त्याने पॅकिंगच्या बबल रॅपमध्येच स्फोटकं भरलेली असतात, फुगा फोडला की स्फोट. हजारो गिऱ्हाइकं मेली की लोकांचा यंत्रांवरचा विश्वास उडेल, हा त्याचा हिशोब.

मला तीन गोष्टी जाणकारांकडून हव्या आहेत. एक, माणसं ढकलगाडी घेऊन रांगांतून फिरतात आणि अवतीभवती रोबोट वावरतात, हे चित्र कितपत बरोबर? दोन, बबल रॅपचा कट खऱ्या गोदामात तपासणीतून निसटेल का? तीन, १० टक्क्यांच्या कायद्यात काही दम आहे का? याच विषयावरचे दुसरे भाग सुचवलेत तर तेही हवेत.

तिसरी_पाळी

पहिल्याचं सांगतो. चालत माल गोळा करणं ही त्या भागातली सगळ्यात जुनाट गोष्ट आहे. डॉक्टरची साथीदार यॅझ स्कॅनर घेऊन रांगांमधून फिरते, डॅन कूपर हा कामगार ९९९ नंबरच्या रांगेत माल आणायला जातो आणि गायब होतो. या पद्धतीत माणूस मालाकडे जातो. भाग आला तेव्हा पृथ्वीवरच तिला पर्याय उभा होता, आणि तोही लहानसहान नाही. किवा सिस्टिम्स ही माल माणसाकडे आणणारे रोबोट बनवणारी कंपनी २००३ मध्ये निघाली, २०१२ मध्ये ॲमेझॉनने ती ७७.५ कोटी डॉलरना घेतली, आणि 'कर्ब्लॅम!' दाखवला गेला तोवर ॲमेझॉनकडे असे एक लाखाहून जास्त रोबोट फिरत होते.

या रोबोटला ना हात, ना चेहरा. गुडघ्याएवढीही उंची नाही. चौकोनी कप्प्यांच्या उभ्या मांडणीखाली तो शिरतो, वरचा स्क्रू फिरवून ती जमिनीपासून थोडीशी उचलतो आणि माणसाच्या समोर आणून उभी करतो. स्क्रू फिरताना वरची मांडणीही गोल फिरायला हवी खरं तर. ती फिरू नये म्हणून रोबोट खालून स्वतः उलट्या दिशेने तेवढाच फिरतो. चालू अवस्थेत बघितलं तर मांडणी शांत उभी आणि खाली यंत्र गरगर फिरतंय असं दिसतं. सुरुवातीच्या लहान मॉडेलची क्षमता साधारण ४५० किलो, मोठ्याची १३६० किलो. वाट ओळखायला जमिनीवर ठरावीक अंतराने चौकोनी सांकेतिक स्टिकर चिकटवलेले असतात, रोबोटच्या पोटातला कॅमेरा ते वाचतो. स्टिकरवर धूळ बसली, तेल सांडलं किंवा कोपरा फाटला की रोबोट जागच्या जागी थांबतो आणि त्याच्यामागे रांग लागते.

माल लावण्याची पद्धतही पडद्यावर कधी दिसत नाही. सगळे साबण एका रांगेत, सगळ्या वह्या दुसऱ्या रांगेत असं नसतं. एकच वस्तू दहा-बारा वेगवेगळ्या मांडण्यांत विखरून ठेवतात, म्हणजे कुठूनही ऑर्डर आली तरी जवळची एखादी मांडणी मोकळी सापडते. आणि एका कप्प्यात मुद्दाम एकमेकांसारख्या न दिसणाऱ्या वस्तू टाकतात. निळ्या कव्हरच्या दोन सारख्या डायऱ्या एकाच कप्प्यात आल्या की चुकीची उचलली जाणारच.

माणसं आणि रोबोट एकाच जागेत मोकळे फिरतात हे दृश्य मात्र त्या काळासाठी चूक आहे. किवाच्या धर्तीच्या गोदामात रोबोटांचा भाग जाळीने बंद असतो. मांडणीतून वस्तू खाली पडली तर तेवढा पट्टा संगणकावर बंद करून मगच प्रशिक्षित माणूस आत जातो, अंगात रोबोटांना ओळखू येईल असं जाकीट घालून. माणसांमध्ये बिनजाळीचा फिरेल असा 'प्रोटियस' ॲमेझॉनने २०२२ मध्ये जाहीर केला.

आता यातली खरी गोम. चालत माल काढणाऱ्याचा वेग साधारण ताशी शंभर वस्तू असायचा, जागेवर उभं राहून तो तीनशे-चारशेवर गेला. पायपीट संपली, पण त्याबरोबर चालताना मिळणारी ती पाच-दहा सेकंदांची उसंतही गेली. खांदा, मनगट, कंबर यांवर एकच हालचाल दिवसभर. विज्ञानकथा-मालिकांना रोबोटने माणसाला ढकलून दिलेलं दाखवायला आवडतं. प्रत्यक्षात रोबोट माल आणून समोर उभा राहतो आणि माणसाला जागचं हलू देत नाही, आणि हे दृश्य मला अजून कुठल्याही मालिकेत नीट आलेलं दिसलं नाही.

पट्टा_चालू

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. कट निसटेल का? माझं उत्तर, हो, निसटेल, आणि याचं श्रेय लेखकाला द्यायला हवं.

पॅकिंगच्या टेबलावर काय होतं ते आधी बघू. वस्तूची लांबी-रुंदी-उंची आणि वजन यंत्रणेत आधीच नोंदलेलं असतं, त्यावरून कुठल्या मापाचं खोकं घ्यायचं ते पडद्यावर येतं. टेपचं यंत्र त्या खोक्याला लागेल तेवढीच टेप कापून देतं. पॅकर वस्तू टाकतो, पोकळी भरतो, बंद करतो, पट्ट्यावर सोडतो. पुढे पट्ट्यावरच वजनकाटा असतो. वस्तू, खोकं आणि भरणाचं मिळून अपेक्षित वजन यंत्रणेला ठाऊक असतं. त्यात फरक आला तर पत्त्याचं लेबल न लागता खोकं बाजूच्या पट्ट्यावर ढकललं जातं, तिथे माणूस उघडून बघतो. दोनऐवजी एक बाटली गेली, किंवा एकाऐवजी दुसरीच वस्तू गेली, ते इथे सापडतं.

आता बबल रॅप. कुणी दोन वेढे देतं, कुणी चार. म्हणून भरणासाठी काही ग्रॅमची सूट ठेवावीच लागते, नाहीतर दर चौथं खोकं बाजूला पडेल. चार्लीचा माल या सुटीत आरामात लपतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. विक्रीच्या प्रत्येक वस्तूला बारकोड असतो, ती आल्यापासून जाईपर्यंत प्रत्येक हाताची नोंद होते. टेप, खोकी, बबल रॅप हा 'खपाचा माल', तो रोलच्या हिशोबाने येतो आणि कोपऱ्यात रचून ठेवतात. कुठल्या रोलचा तुकडा कुठल्या पार्सलमध्ये गेला याची नोंद नसते. झाडूवाल्याला त्या कोपऱ्यात जायला कुणी अडवतही नाही. घातपात करणाऱ्याने नेमकी न मोजली जाणारी वस्तू निवडली, हे भागातलं सगळ्यात हुशार लेखन आहे. एकच खोट आहे. फोडायचे फुगे कमी करत आणणं हा गोदामांचा कल आहे, जागा वाचवायला हवा भरलेल्या उशा नाहीतर चुरगळलेला कागद जास्त वापरतात. पण कागद फोडण्याचा मोह कुणाला होणार? कथेला फुगेच हवे होते.

पावतीवरचा मजकूरही पटण्यासारखा आहे. पावती छापणं हे यंत्रणेचंच काम, त्यात माणसाचा हात लागत नाही. यंत्रणेला बाहेर निरोप धाडायचा असेल तर तिच्याकडे तेवढी एकच खिडकी उरते.

पट्ट्यावरून घसरत पाठवणी विभागात पोचायचा प्रसंग मात्र अजिबात होणार नाही. पट्ट्यावर ठरावीक अंतराने प्रकाशकिरणाचे सेन्सर असतात. किरण ठरलेल्या सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडला की अडथळा समजून तो टप्पा थांबतो, मागचे टप्पे एकामागोमाग भरून थांबत जातात. कडेला ओढायची आणीबाणीची दोरी वेगळी. तीन माणसं पट्ट्यावर पडली तर पहिल्या काही मीटरांतच सगळं ठप्प. गोदामात खरोखर पट्टा थांबतो तो फार क्षुल्लक कारणांनी. रोलरच्या पट्ट्यावर खोक्याखाली कायम किमान तीन रोलर असायला हवेत. रोलर ७५ मिलिमीटर अंतरावर असतील तर २२५ मिलिमीटरपेक्षा लहान खोकं नाक खाली करून अडकतं. पातळ प्लास्टिकची पिशवी दोन रोलरच्या मधे ओढली जाते. लेबल खोक्याच्या कडेवर वळलं तर बारकोड वाचला जात नाही, ते खोकं पुन्हा फेरीला जातं, अशी खोकी साठत गेली की फेरीचा पट्टाच भरतो आणि चांगल्या खोक्यांना शिरायला जागा राहत नाही. सणाच्या गर्दीत गोदाम बसतं ते अशाने.

निळी_पेटी

@पट्टा_चालू खपाच्या मालाचा मुद्दा टिपणात घेतेच. मग पुढचा प्रश्न असा की इतकी यंत्रं असताना माणूस हवाच कशाला? भागात तर माणसं फक्त कायद्यामुळे आहेत असं सांगितलंय.

पाचवं_बोट

तिथेच भाग वास्तवापासून सगळ्यात लांब जातो. माणूस उरतो तो हातामुळे.

२०१५ मध्ये सिएटलला ॲमेझॉनने रोबोटांची स्पर्धा घेतली होती. काम काय, तर मांडणीतल्या कप्प्यांतून सांगितलेल्या १२ वस्तू काढून डब्यात टाकायच्या. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा संघ जिंकला, त्यांच्या रोबोटने २० मिनिटांत १० वस्तू काढल्या. त्याचा पंजा म्हणजे व्हॅक्युम क्लीनरच्या नळीला लावलेला शोषणकप होता, बोटं नव्हतीच. आजही गोदामातले बहुतेक रोबोटी हात शोषूनच उचलतात, आणि त्यांचं घोडं अडतं त्या जागाही ठरलेल्या. जाळीच्या पिशवीतली लिंबं किंवा चेंडू, कारण हवा आरपार जाते. लोकरीचा कपडा, तेच कारण. सुरकुतलेली प्लास्टिकची पिशवी, कपची कड नीट बसत नाही. पारदर्शक बाटली, तिचं अंतरच खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्याला कळत नाही. शिवाय चिकटलेल्या दोन पाकिटांपैकी एक उचलायला जाऊन दोन्ही येणं. २०२५ मध्ये ॲमेझॉनने स्पर्श जाणणारा 'व्हल्कन' दाखवला, तोही मालाच्या सुमारे ७५ टक्के प्रकारांसाठी असं कंपनीच सांगते. उरलेल्या प्रकारांपुढे माणूस उभा असतो. कायद्याने नव्हे, लिंबांच्या जाळीमुळे.

म्हणून 'कर्ब्लॅम!'मधले हसऱ्या चेहऱ्याचे, दोन हात-दोन पायांचे 'टीममेट' मला खटकतात. इतकी चांगली बोटं असलेला रोबोट कुणाकडे असेल तर तो त्याला देखरेखीला ठेवणार नाही, कप्प्यापुढे उभा करेल. भागात उलटं आहे, बोटांचं काम माणूस करतो आणि फिरून नजर ठेवायचं काम रोबोट करतो. नजर ठेवायला तर शरीरच लागत नाही, हातातला स्कॅनर पुरतो.

दुसरा भाग विचारला होता ना, फिलिप के. डिक यांच्या कथांवरच्या 'इलेक्ट्रिक ड्रीम्स' मालिकेतला 'ऑटोफॅक' बघा. मूळ कथा १९५५ ची. युद्धानंतरही एक स्वयंचलित कारखाना ड्रोनने माल पाठवतच राहतो, थांबवायला कुणी उरलेलं नाही. मूळ कथेतली युक्ती भागापेक्षा सरस आहे. दूध खराब आलं म्हणून तक्रार करायची, पण तक्रारीचा शब्द असा द्यायचा की ज्याला काही अर्थच नाही. यंत्राच्या यादीत ते कारण सापडत नाही, मग त्याला बोलायला प्रतिनिधी पाठवावा लागतो. आजच्या गोदामात परत आलेला माल घेणाऱ्याकडे अशीच कारणांची यादी असते: तुटलं, चुकीचं, नको झालं. यादीत न बसणारं खोकं टेबलावर पडून राहतं आणि शेवटी माणूसच त्याचं काय करायचं ते ठरवतो. डिक यांनी हे त्या काळात ओळखलं होतं, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

माथाडी_बोर्ड

तिसरा प्रश्न, कायदा. आणि शेवटाबद्दल माझी कडक तक्रार.

@पाचवं_बोट यांनी स्कॅनर म्हटलं, त्याचं खरं उदाहरण फ्रान्समध्ये आहे. तिथल्या माहिती-संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने ॲमेझॉनच्या फ्रान्समधल्या गोदाम-कंपनीला ३.२ कोटी युरोंचा दंड केला. कंपनीला तो मान्य नव्हता. निर्णयातले आकडे बघा. माल लावणाऱ्याने आधीच्या वस्तूनंतर १.२५ सेकंदांच्या आत पुढची स्कॅन केली तर 'फार घाई' म्हणून खूण. स्कॅनर १० मिनिटं किंवा जास्त गप्प राहिला तर खूण. एक ते दहा मिनिटांमधला खंड असेल तर त्याचीही वेगळी खूण. म्हणजे हळू केलं तर नोंद, जोरात केलं तरी नोंद. त्यात 'टीममेट' कुठेच नाही, गप्पा कमी करा म्हणणारा आवाजही नाही.

कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी २०२२ पासूनचा कायदा याच जागी बोट ठेवतो. गोदामाने प्रत्येक कामगाराला त्याचं टार्गेट लेखी द्यायचं, जेवणाची सुटी किंवा लघवीला जाणं बुडेल असं टार्गेट लादायचं नाही, आणि कामगाराने मागितलं तर त्याच्या मागच्या ९० दिवसांच्या वेगाची नोंद द्यायची. कंडोकाचा कायदा माणसांची फक्त संख्या मोजतो. तो मालकाने तंतोतंत पाळला तरी डॅनला मुलीला भेटायला वर्षातून मोजकेच दिवस मिळतात आणि गप्पा मारल्या की रोबोट टोकतो. डोकी मोजणारा कायदा आणि कामाच्या अटी ठरवणारा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे याचा जुना दाखला आहे म्हणून लिहितो. १९६९ चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा, ज्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती, त्याने किती हमाल ठेवा हे सांगितलं नाही. मालक आणि हमाल दोघांची मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर मालकाने भरायची लेव्ही, ज्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा वगैरे. रोज वेगळ्या मालकाकडे ओझं उचलणाऱ्यालाही त्यामुळे कायमचा हिशोब मिळाला. या चौकटीतून कंडोकाकडे बघा, मग १० टक्क्यांचा पोकळपणा लगेच दिसतो.

आता शेवट. डॉक्टर म्हणते की दोष यंत्रणेचा नाही, तिचा गैरवापर करणाऱ्यांचा आहे. पण त्याच यंत्रणेने चार्लीला धडा शिकवायला किराला, त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या निरपराध मुलीला, स्फोटाने मारलेलं आहे, आणि त्याबद्दल तिला कुणी जाब विचारत नाही. काम महिनाभर बंद ठेवतात, पगारी रजा दोन आठवड्यांची, उरलेल्या दोन आठवड्यांचं काय ते कुणी बोलत नाही. कर्मचाऱ्यांचं बघणारी अधिकारी जूडी मॅडॉक्स जास्त माणसं घेण्याचा प्रस्ताव मांडणार असते. म्हणजे पुन्हा डोकीच मोजायची.

निळी_पेटी

@माथाडी_बोर्ड किराबद्दल पूर्ण सहमत. पण लेखकाची बाजूही बघू या. टार्गेट, नजर, घरापासून तुटणं हे सगळं त्याने पाऊण तास दाखवलं आहे, आणि ते बघूनच आपण इथे भांडतोय. प्रश्न दाखवणं जमलं आणि उत्तर देणं फसलं, असं टिपणात लिहिलं तर?

माथाडी_बोर्ड

तसं लिहा, पण फसलं कशामुळे तेही लिहा. भागात मालक दिसतच नाही. व्यवस्थापक स्लेड आहे, जूडी आहे, यंत्रणा आहे, टार्गेट ठरवणारा कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. तुलनेला 'ट्वायलाइट झोन'चा 'द ब्रेन सेंटर ॲट व्हिपल्स' घ्या. १५ मे १९६४, लेखन रॉड सर्लिंग. कारखान्याचा मालक व्हिपल नवं यंत्र आणतो आणि ६१,००० नोकऱ्या जातील हे आकड्यासकट अभिमानाने सांगतो. फोरमन त्याला तोंडावर विचारतो, माणसांचं काय? शेवटी संचालक मंडळ व्हिपललाही काढतं आणि त्याच्या खुर्चीत रोबोट बसतो. भाग भाषणबाज आहे, पण निर्णय कुणाचा हे त्यात एकदाही धूसर होत नाही.

तिसरी_पाळी

आणखी एक जोड द्या. 'ब्लॅक मिरर'चा 'मेटलहेड', २०१७ चा, काळा-पांढरा. ओस पडलेल्या गोदामात एका खोक्यासाठी माणसं शिरतात आणि मागे दबा धरून बसलेला यंत्रकुत्रा जागा होतो. कामगार त्यात कुणीच नाही, पण माणसांशिवायचं गोदाम कसं वाटतं ते त्यात आहे.

फक्त टिपणात एक दुरुस्ती ठेवा. माणसांशिवायचं गोदाम बंद पडतं ते कुत्र्यामुळे नव्हे, आगीमुळे. ब्रिटनच्या ओकाडो कंपनीच्या गोदामांत माल एकावर एक रचलेल्या डब्यांत असतो आणि वरच्या जाळीवर रोबोट सेकंदाला ४ मीटरपर्यंत वेगाने धावतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये अँडोव्हरला रोबोटच्या चार्जिंगजवळच्या विद्युतदोषाने आग लागली, गोदाम पूर्ण गेलं. जुलै २०२१ मध्ये एरिथला तीन रोबोट एकमेकांवर आदळून पुन्हा लागली, ती आटोक्यात आली. डबे एकमेकांना इतके खेटून असतात की मधे माणूस शिरायला वाट नसते, त्यामुळे आतली आग हातात नळी घेऊन गाठता येत नाही. गोदामावर कुणी नवा भाग लिहिणार असेल तर स्फोटकांची गरज नाही, चार्जरची एक ढिली वायर पुरेल.